बोल्टवरची रेघ

माझ्या धाकट्या भावाचं हासळीचं हाड मोडलं ते माझ्यामुळे. पहिले तीन दिवस घरात हे फक्त मला ठाऊक होतं.

आम्ही तेव्हा धारवाडला मळमड्डीत राहत होतो. अप्पा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा नुकताच पास झाले होते आणि हुबळी-धारवाड रस्त्यावरच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले होते. भाऊ बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता, पण त्याचं खरं लक्ष मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीवर असे. शंभर सीसीची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल. तिचे दिवे, इंडिकेटर, आरसे काढून टाकलेले, पुढचं मडगार्ड उंच उचललेलं, दोन्ही चाकांना मोठ्या खाचांचे टायर. असल्या गाड्यांच्या मातीतल्या शर्यती त्या काळी आमच्या भागात वर्षातून दोन-तीनदा व्हायच्या आणि भावाला त्यात उतरायचं होतं.

गाडी तो चालवायचा आणि दुरुस्त मी करायची. अशी वाटणी कुणी ठरवली नव्हती. त्याला पाना धरायचा कंटाळा होता आणि मला आवड होती, इतकंच.

आवडीबरोबर थोडा ताठाही होता. डिप्लोमाच्या वर्गात आम्ही तीनच मुली. वर्कशॉपचे एक सर पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते की मुलींनी ड्रॉइंगकडे लक्ष द्यावं, बोल्ट आवळणं हाताच्या ताकदीचं काम आहे. त्या दिवसापासून मी आवळलेला बोल्ट वर्गातल्या मुलांना सुटता कामा नये, असा माझा बाणा झाला. पान्याला दीड फुटाचा पाइप लावून, पाय भिंतीला टेकवून मी बोल्ट पिळायची. घट्ट म्हणजे चांगलं आणि आणखी घट्ट म्हणजे आणखी चांगलं, यापलीकडे मी कधी विचारच केला नव्हता.

नवनगरात त्या वेळी बऱ्याच भागात रस्ते आखून झाले होते आणि घरं व्हायची होती. एका कडेला कुणीतरी मुरमाचा मोठा ढीग टाकून ठेवला होता. रविवारी सकाळी भाऊ त्या ढिगावरून गाडी उडवायचा सराव करी. त्या रविवारीही आम्ही गेलो. आदल्या दिवशी मी हँडल थोडं मागे घेऊन परत बसवलं होतं. हँडल धरून ठेवणारे चार बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत, म्हणजे क्लॅम्पमध्ये, जातात. ते मी माझ्या पद्धतीने, पाइप लावून आवळले होते.

पहिल्या दोन उड्या नीट झाल्या. तिसऱ्या वेळी गाडी खाली आली, पुढचं चाक टेकलं आणि हँडल एकदम पुढे फिरलं. भावाच्या हातांखालून आधारच गेला. तो हँडलवरून पुढे फेकला गेला आणि खांद्यावर पडला. मी तीस-चाळीस पावलांवर उभी होते. धावत पोचले तेव्हा तो उठून बसला होता, उजवा हात डाव्या हाताने धरून.

"अक्का, काहीतरी मोडलंय," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. त्याचीच मला भीती वाटली.

रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन्ही खांद्यांवरून मागे आवळून पट्टा बांधला आणि सहा आठवडे गाडीचं नाव काढायचं नाही असं सांगितलं. अप्पा दवाखान्यात आले, एक्स-रे उजेडाकडे धरून त्यांनी मोडलेलं हाड पाहिलं आणि म्हणाले, "गाडी विकून टाका." अप्पा एक गोष्ट एकदाच बोलायचे.

संध्याकाळी मी गाडी ढकलत घरी आणली आणि शेडमध्ये हँडल उघडलं. उघडलं म्हणजे काय, चारांपैकी दोन बोल्ट नुसत्या बोटांनी निघाले. त्यांच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची बारीक शेवेसारखी गुंडाळी अडकली होती. पट्टीच्या आतले आटे मी आवळतानाच खरवडून काढले होते. बोल्ट वरून घट्ट दिसत होते, आत धरायला काही उरलं नव्हतं. डिप्लोमा झालेल्या माणसाला हे समजायला पाच सेकंदही लागत नाहीत. ते दोन बोल्ट मी रुमालात बांधले आणि माझ्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवले.

पुढचे तीन दिवस शेजारपाजारचे, नातेवाईक, कॉलेजचे मित्र भावाला बघायला येत होते. प्रत्येकाचं म्हणणं एकच. पोरगा फाजील आहे, उड्या मारायला कुणी सांगितलं होतं. आई प्रत्येकाला चहा देत होती आणि मान हलवत होती. चहाचे कप मी आत-बाहेर करत होते आणि प्रत्येक वेळी मला वाटे की आता सांगावं, आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी समोर असे.

चौथ्या दिवशी कामावरून आले तेव्हा तो एकटाच खाटेवर बसला होता. मी कपाटातून रुमाल आणला आणि त्याच्या मांडीवर सोडला.

"हे काय?" त्याने विचारलं.

"हँडलचे बोल्ट. मी जास्त आवळले. आटे गेले होते. तू पडलास ते त्यामुळे."

त्याने एक बोल्ट उचलला, डाव्या हाताच्या नखाने ती गुंडाळी सोडवून पाहिली. बराच वेळ तो ती सरळ करत बसला.

"तीन दिवस का सांगितलं नाहीस?"

"धीर झाला नाही."

"सगळे मलाच बोलत होते की गं."

"हो. मी ऐकत होते."

तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडलाही असावा, पण त्याच्या चिडण्याला त्या पट्ट्यामुळे जागा नव्हती. शेवटी तो म्हणाला, "गाडी मी विकणार नाही. तू नीट आवळायला शिक. तुझ्या कारखान्यात कुणी ना कुणी शिकवील की."

रात्री जेवताना मी अप्पांनाही सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा जेवायला लागले. गाडी विकण्याचं मात्र त्यांनी परत काढलं नाही.

कारखान्यात टूलरूम सांभाळणारे एक काका होते. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. पांढऱ्या धोतरावर खाकी शर्ट घालून यायचे आणि टूलरूममध्ये शिरताना चप्पल बाहेर काढायचे. सगळी मापायची अवजारं त्यांच्या ताब्यात. मूळचे कलघटगीकडचे. त्यांच्याशी बोलणं कन्नडमध्येच व्हायचं, पण त्यांना मराठी सगळं समजायचं. दुपारच्या सुट्टीत मी ते दोन बोल्ट घेऊन त्यांच्या खिडकीशी गेले आणि झालेलं सगळं सांगितलं.

त्यांनी बोल्ट हातात घेतले, चष्मा वर करून पाहिले. "तम्म हेंग इद्दान?" त्यांनी विचारलं. भाऊ कसा आहे, हे त्यांनी आधी विचारलं हे मला आजही बरं वाटतं. मी बरा आहे म्हणाले. मग त्यांनी टेबलाच्या कडेला एक जाड लोखंडी पट्टी शिकंज्यात धरली. तिला आटे पाडलेली दहा भोकं होती. दहा सारखे बोल्ट आणि एक साधा पाना त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला.

"तंगी, हे दहाही सारखे आवळ. तुझ्या हाताला सारखे वाटले पाहिजेत." तंगी म्हणजे धाकटी बहीण; ते मला तशीच हाक मारायचे.

मी मन लावून आवळले. प्रत्येक बोल्टला पान्याची तीच जागा धरली, तोच झटका दिला. झाल्यावर त्यांनी लाकडी पेटीतून एक लांब पाना काढला. त्याच्या दांड्यावर काटा आणि आकड्यांची तबकडी होती. एकेक बोल्ट त्यांनी त्या पान्याने किंचित पुढे हलेपर्यंत ओढला आणि आकडा मला मोठ्याने वाचायला लावला. दहांपैकी दोन आकडे जेमतेम एकमेकांजवळ आले. सर्वांत सैल आणि सर्वांत घट्ट यांत दुपटीचा फरक होता.

माझ्या हातावर माझा किती विश्वास होता, हे त्या दहा आकड्यांनी मला दाखवलं.

"माझेही असेच येतात," काका म्हणाले. "तीस वर्षं झाली. म्हणून तर हा पाना आहे."

त्या दिवसापासून रोज दुपारी अर्धा तास मी त्यांच्याकडे जाऊ लागले. आवळणं म्हणजे काय हेच मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी ते एका रबरी पट्ट्याने समजावलं. बोल्ट आवळला की तो अगदी थोडा ताणला जातो आणि त्याची मूळ जागी परतायची ओढच दोन भागांना धरून ठेवते. कमी ताणला तर हादऱ्यांनी सुटतो. जास्त ताणला तर परतायची ओढच संपते, नाहीतर आटे तरी जातात. प्रत्येक बोल्टला त्याचा आकडा असतो, आणि तो आकडा गाडी बनवणाऱ्याने पुस्तकात लिहिलेला असतो.

पान्याला हात कसा लावायचा तेही त्यांनी नव्याने शिकवलं. मूठ दांड्याच्या मध्यावर. झटका नाही, एकसारखी ओढ. मी घाई केली की ते एकच शब्द म्हणायचे, "सावकाश." हा शब्द आमच्याकडच्या कन्नडमध्येही तोच आणि मराठीतही तोच, त्यामुळे ते माझ्याशी कोणत्या भाषेत बोलताहेत हे त्या वेळी कळायचं नाही. आणि आकडा आला की, "साकु." बस्स. त्या "साकु"नंतर बोटभरही पुढे ओढलेलं त्यांना चालायचं नाही.

गाडीचं पुस्तक मिळवायला मला हुबळीला तीन खेपा घालाव्या लागल्या. शेवटी दुर्गदबैलाजवळ सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी स्वतःकडची जुनी इंग्रजी प्रत आठवड्याच्या बोलीवर दिली. पानं तेलाने पारदर्शक झालेली. मी घरी आणून उतरवायला बसले, तर अप्पांनी ती माझ्या हातातून घेतली. कोर्टात पस्तीस वर्षं नकला करून त्यांचं अक्षर छापल्यासारखं झालं होतं. त्यांनी चष्मा बदलला, जाड पुठ्ठा मागवला आणि दोन संध्याकाळी बसून अख्खा तक्ता लिहून काढला. डावीकडे जागा, मध्ये बोल्टचा आकार, उजवीकडे आकडा, देवनागरी अंकांत. "सिलिंडर हेड", "पुढच्या चाकाचा आस", "हँडलचा क्लॅम्प". हँडलच्या आकड्याखाली त्यांनी लाल शाईने दोन रेघा ओढल्या. तक्ता शेडमध्ये खिळ्याला टांगला.

आकडा दाखवणारा तो टॉर्कचा पाना आमच्या घरी नव्हता. काकांनी माझ्यासाठी साहेबांकडून परवानगी काढली. शनिवारी संध्याकाळी गेटपासवर सही करून पाना न्यायचा, सोमवारी सकाळी परत आणायचा. पहिल्यांदा देताना त्यांनी पेटी दोन्ही हातांनी दिली.

भावाचा पट्टा सुटायच्या आत मी गाडी पूर्ण खोलली. प्रत्येक बोल्ट रॉकेलने धुतला, तारेच्या ब्रशने आटे साफ केले, हाताने शेवटपर्यंत फिरतो का पाहिलं. जो हाताने फिरत नव्हता तो बाजूला टाकला. हँडलची पट्टी दुसऱ्या गाडीची बसवली. इंजिनचं हेड बसवायला घेतलं आणि तिथे मी पुन्हा चुकले. आटे गंजू नयेत म्हणून हेड धरणाऱ्या चारही खिट्ट्यांवर, म्हणजे स्टडवर, मी इंजिनचं तेल चोपडलं. नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करत आवळत आणले. तिसऱ्या फेरीत एक नट काट्यावरचा आकडा वाढवेचना. फिरत मात्र होता. आधीची मी असते तर आणखी ओढलं असतं. या वेळी हात आपोआप थांबला.

सोमवारी काकांना सांगितलं.

"आटे कोरडे होते की तेलकट?"

"तेल लावलं होतं."

"पुस्तकात तेल लावायला सांगितलंय?"

सांगितलं नव्हतं. तेलाने घर्षण कमी होतं, त्यामुळे तोच आकडा यायच्या आत बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. माझी खिट्टी ताणून निकामी झाली होती. आकडा बरोबर असूनही चुकता येतं, हे मला त्या सोमवारी कळलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला आनंद झाला. कारण थांबले होते मी. पाना पुढे न ओढता थांबणं मला जमलं होतं.

आणखी एक सवय मी स्वतःच लावून घेतली. कारखान्यात तपासलेल्या नटावर पिवळ्या रंगाची रेघ मारत. माझ्याकडे मैत्रिणीच्या लग्नात मिळालेली लाल नेलपॉलिशची बाटली पडून होती. नट आकड्यापर्यंत आवळला की त्याच्यावरून खालच्या धातूवर येईल अशी एक बारीक रेघ मी ओढायची. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. शर्यतीच्या धावपळीत पाना न लावता नुसत्या नजरेने सगळी गाडी तपासता येते. भाऊ हसायचा. "आमच्या गाडीला मेंदी लावलीय," असं मित्रांना सांगायचा.

सहा आठवड्यांचे आठ झाले. तो पुन्हा गाडीवर बसला त्या दिवशी नवनगरच्या त्या ढिगाशी मी त्याला थांबवून हँडलच्या रेघा पुन्हा पाहिल्या. त्याने पहिली उडी मारली, खाली आला, हँडल जागच्या जागी. दहा उड्यांनंतर मी क्लॅम्पच्या चारही रेघा पाहिल्या. अखंड होत्या. तेव्हापासून गाडीच्या बाबतीत मला पुन्हा कधी भीती वाटली नाही. काळजी घ्यायचे, पण ती वेगळी गोष्ट.

पहिल्या वर्षी आम्ही दोन शर्यती केल्या आणि दोन्हींत गाडी शेवटपर्यंत टिकली. मातीतल्या शर्यतीत निम्म्या गाड्या शेवट गाठत नाहीत, त्यामुळे हे काही कमी नव्हतं. लोक आम्हाला ओळखायला लागले. सलवार-कमीजवर जुना खाकी शर्ट चढवून, दुपट्टा कमरेला बांधून पाना चालवणारी मी एकटीच असायची.

मला सांगायची आहे ती शर्यत दुसऱ्या वर्षीची. हुबळीबाहेर, कलघटगी रस्त्याला लागून एका मोकळ्या माळावर होती. पेरण्या व्हायच्या आधीचे दिवस, काळी माती वाळून भुगा झालेली. सकाळी दोन प्राथमिक फेऱ्या आणि दुपारी अंतिम. भाऊ पहिल्या फेरीत दुसरा आला आणि सरळ अंतिम फेरीत गेला. सोळा गाड्या उरल्या होत्या.

जेवण झाल्यावर मी नेहमीप्रमाणे पुढून मागे सगळ्या रेघा बघत निघाले. हँडल, पुढचा आस, इंजिनचे बोल्ट, मागचा आस. सगळं जागेवर. मागच्या चाकाच्या दातेरी चक्राशी आले, ज्यावर चेन फिरते ते. त्याचे नट चार. चारही रेघा अखंड होत्या. तरी मी तिथेच बसून राहिले, कारण त्या रेघा माझ्या नव्हत्या.

मी रेघ ओढायची ती काडीने, बारीक. या जाड होत्या, बाटलीतल्या ब्रशने ओढलेल्या. शिवाय चक्रही मी बसवलेलं नव्हतं. त्याचे दात नवे कोरे दिसत होते. सकाळी घाईत मी रेघ तुटलीय का एवढंच पाहिलं होतं.

भाऊ सावलीत बसून बूट बांधत होता. मी त्याला हाक मारली.

"चक्र कधी बदललंस?"

तो उठून आला. क्षणभर त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. "शुक्रवारी. दोन दात जास्त असलेलं मिळालं. या मातीला तेच बरं."

"टॉर्कचा पाना तर शनिवारी घरी आला. शुक्रवारी कशाने आवळलंस?"

"साध्या पान्याने. चांगलं आवळलंय, अक्का."

"आणि रेघा?"

तो बुटाची नाडी पुन्हा बांधायला वाकला.

"रेघा तू ओढल्यास. मी बघून पुढे जावं म्हणून."

"तू सगळं परत खोलत बसली असतीस. वेळ नव्हता. सकाळची फेरी झालीच की नीट."

मी पेटीतून पाना काढला. पहिल्या नटाला लावून ओढला, आकड्याच्या अर्ध्यावरच नट फिरला. दुसराही. तिसरा तर जवळपास हातानेच फिरेल इतका सैल, आणि चौथा इतका घट्ट की काटा आकड्याच्या पुढे गेला तरी हलेना. त्या तीन सैल नटांवर अंतिम फेरीची वीस मिनिटं गेली असती तर चक्र लचकलं असतं, चेन उतरून चाकात अडकली असती आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं असतं. कोणत्या वेगाला, ते नशिबावर.

तेवढ्यात कर्ण्यावरून अंतिम फेरीच्या गाड्या रेषेवर आणायला सांगितलं.

"अक्का, जाऊ दे आता. मी सांभाळून चालवतो," भाऊ म्हणाला.

"गाडी इथून हलणार नाही."

शेजारी दुसऱ्या गावाहून आलेल्या एका नावाजलेल्या स्वाराचा मिस्त्री उभा होता. चाळिशीचा, हातात साधा पाना. तो कन्नडमध्ये म्हणाला, "ताई, चक्राच्या नटांना मी माझ्या हाताने दोन पिळे देतो, झालं. एवढ्यासाठी शर्यत घालवणार काय?"

"तुमच्या हाताचे आकडे मी बघितलेले नाहीत," मी म्हणाले. "माझ्या हाताचे बघितलेत."

तो हसला आणि बाजूला झाला.

चारही नट मी पूर्ण काढले. घट्ट होता त्याचे आटे थोडे दुखावले होते, म्हणून डब्यातला नवा नट घेतला. कापडाने आटे पुसले, कोरडे केले. हाताने चारही बसवले. मग समोरासमोरच्या जोड्या, आधी अर्ध्या आकड्यापर्यंत, मग पाऊण, मग पुरा. भाऊ मागचा ब्रेक दाबून चाक धरून बसला होता. दुसऱ्यांदा पुकारा झाला. मला त्याची घाई पान्याच्या दांड्यातून जाणवत होती. माझा हात मात्र त्याच गतीने चालला. सावकाश. शेवटच्या नटाला काटा आकड्यावर आला आणि मी हात उचलला.

"जा."

"रेघा?"

"रेघा मागाहून. त्या माझ्यासाठी असतात, गाडीसाठी नाही."

तो रेषेवर पोचला तेव्हा सगळ्या चांगल्या जागा गेल्या होत्या. त्याला अगदी कडेची, भुसभुशीत मातीची जागा मिळाली. सुरुवातीलाच तो तेरावा-चौदावा होता, धुळीत दिसेनासा झालेला. मी दोरीशी उभी राहून प्रत्येक फेरीला मोजत होते. तेरावा, अकरावा, अकरावा, नववा. पुढच्या दोन गाड्या बंद पडल्या, एकाची चेन तुटली. शेवटच्या फेरीत तो पाचवा होता आणि पाचवाच आला.

बक्षीस तिघांनाच होतं. तो गाडी घेऊन आला, हेल्मेट काढलं. चेहऱ्यावर धुळीचा थर आणि डोळ्यांभोवती गोल.

"पहिल्यापासून चांगली जागा मिळाली असती तर तिसरा आलो असतो," तो म्हणाला.

"आला असतास."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी रेघा ओढायला नको होत्या."

त्याला चार शब्द ऐकवायचं मी ठरवून ठेवलं होतं. वीस मिनिटं दोरीशी उभी राहून मनात ते नीट रचलेही होते. पण रुमालात बांधून कपाटात ठेवलेले ते दोन बोल्ट मला आठवत होते, आणि तीन दिवस फिरवलेले चहाचे कपही. मी एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी मला सांग. मी ओरडेन, पण करून देईन." तो हो म्हणाला. त्यानंतरच्या चार वर्षांत त्याने गाडीला माझ्या नकळत पाना लावला नाही, आणि मीही त्याच्या मागण्यांवर पूर्वीइतकी कटकट केली नाही.

सामान बांधताना तो दुसऱ्या गावचा मिस्त्री आला. त्यांची गाडी अर्ध्यात थांबली होती. त्याने पाना बघायला मागितला. मी त्याला एक बोल्ट हाताने आवळायला लावला, मग पान्याने तपासून आकडा दाखवला, मग दुसरा, मग तिसरा. त्याचे आकडे माझ्या पहिल्या दिवसापेक्षा बरे होते, हे मी त्याला सांगितलं. त्याने पान्याचं नाव आणि तो कुठे मिळतो ते सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं.

त्याच्या पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले. टूलरूमच्या किल्ल्या कुणाला द्यायच्या यावर साहेबांनी त्यांनाच विचारलं आणि त्यांनी माझं नाव सांगितलं. काही लोक कुरकुरले. त्या खोलीत मी पुढची अकरा वर्षं होते. नव्या अप्रेंटिसना मी पहिल्या दिवशी ते दहा बोल्ट आवळायला लावायची, मुलगा असो की मुलगी. आकडे बघून प्रत्येकाचा चेहरा उतरायचा आणि मग मी त्यांना सांगायची की माझेही असेच आले होते.

भावाला दोन हजारच्या सुमाराला पुण्यात नोकरी लागली. लग्न झालं, शर्यती सुटल्या. गाडी शेडमध्येच राहिली. मी हुबळीला सासरी होते, पण महिन्या-दोन महिन्यांनी मळमड्डीला आले की तिचं इंजिन सुरू करून ठेवायची. एवढी वर्षं मी तिचा प्रत्येक नट ओळखत होते आणि तिच्यावर कधी बसले नव्हते. मला तसं कुणी अडवलं नव्हतं, मलाच कधी सुचलं नव्हतं.

एकदा दसऱ्याच्या आधी मी ती पूर्ण खोलून बसवली. दोन दिवस लागले. शेवटचा नट आवळून झाला, काटा शून्यावर आणून पाना पेटीत ठेवला आणि शेडचं दार उघडलं. अप्पा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. तेव्हा त्यांना कमी ऐकू यायचं. मी गाडी बाहेर काढली, किक मारली, आणि तिच्यावर बसले.

अप्पांनी पेपर खाली केला. "सगळं आवळलंयस ना?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"हो अप्पा."

"मग जा."

गल्लीतून बाहेर पडताना मी पहिल्या गिअरात होते, मोठ्या रस्त्याला लागताना दुसऱ्यात. गावाबाहेरच्या लाल मातीच्या वाटेला लागले तेव्हा तिसरा टाकला. खड्डे आले, गाडी उसळली, हँडल माझ्या हातात घट्ट होतं. मी आणखी थोडा वेग वाढवला.